निर्दोष उत्तराचा संशय

विद्यार्थ्याच्या लेखनात एकही चूक न सापडणे ही प्राध्यापकवर्गाला पूर्वी क्वचितच लाभणारी समाधानाची बाब होती. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून मात्र तीच बाब लबाडीचा प्रथमदर्शनी पुरावा मानली जाऊ लागली. असे जनरेटिव्ह एआय, म्हणजे अफाट मजकुरावरून शिकून पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत नवे लेखन जुळवणारी प्रणाली, हाताशी आल्यावर सुरेख वाक्य दिसताच ‘हे आपल्या मुलांचे असूच शकत नाही’ असे प्राध्यापक ठामपणे सांगतात, आणि तसे सांगताना आपण स्वतःच्या अध्यापनावरही अभिप्राय देत आहोत हे सहसा त्यांच्या ध्यानी येत नाही.

बेंगळुरूच्या आरव्ही विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये प्रयोगशाळा, चाचण्या आणि परीक्षांत चॅटजीपीटीला मज्जाव केला आणि संशय आल्यास तेच काम पुन्हा करून घेण्याची तरतूद ठेवली. सॉफ्टवेअरच्या राजधानीने सॉफ्टवेअरलाच दार लावावे यातील गंमत उघड असली, तरी प्रोग्रामिंग शिकणाऱ्याने आधी आपल्या चुका आपणच कराव्यात हा विचार रास्त होता. (सिनियरचे रेकॉर्ड बुक उतरवून काढण्याच्या जुन्या प्रथेत निदान हस्ताक्षर तरी स्वतःचे असे.)

खरी पंचाईत ओळखण्याची आहे. चॅटजीपीटीची जनक असलेल्या ओपनएआय कंपनीनेच त्याच जानेवारीत यंत्राचे लेखन ओळखणारे साधन काढले. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्रलेखनापैकी २६ टक्केच पकडले, माणसांच्या लेखनापैकी ९ टक्के यंत्राच्या नावावर टाकले, आणि जुलैत ते मागे घेण्यात आले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम तर फक्त साम्य मोजतात, म्हणजे आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी लेखन किती जुळते ते पाहतात, आणि १० टक्क्यांपर्यंत क्षमा करतात. त्यामुळे रात्री जागून तीन पुस्तकांतले उतारे गोळा करणारा कष्टाळू संशोधक अडकण्याची आणि एका ओळीची आज्ञा देऊन झोपलेला सहीसलामत सुटण्याची शक्यता अधिक.

यावर तोंडी परीक्षेचा उपाय सुचवला जातो आणि तो उत्तमच आहे. अडचण एवढीच की साठ जणांच्या वर्गाला माणशी दहा मिनिटे धरली तरी दहा तास जातात, शिवाय विद्यार्थ्याने काय लिहून दिले आहे ते परीक्षकाला आधी वाचावे लागते.