परीक्षकांचा सुळसुळाट

मराठी माणूस इंग्रजी बोलायला घाबरतो, हा त्याच्यावरचा धादांत खोटा आरोप आहे. न्हाणीघरात तो फाडफाड बोलतो. मुलाखतीच्या आदल्या रात्री आरशासमोर तर असा सुटतो, की आरशानेच नोकरी द्यावी. पुणे स्टेशनवर एखादा गोरा वाट चुकला, तर 'लेफ्ट' म्हणत उजवीकडे हात दाखवून का होईना, त्याला शनिवारवाड्याला लावून देतोच. बोबडी वळते ती शेजारी दुसरा मराठी माणूस येऊन उभा राहिला की.

हा दुसरा माणूस म्हणजे परीक्षक. त्याला कोणी नेमलेलं नसतं, मानधन नसतं, तरी तो कधी रजा घेत नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तो दुसऱ्या रांगेत बसतो. अर्धे सभासद अमराठी, म्हणून कामकाज इंग्रजीत. यंदा चौथ्या मजल्यावरच्या काकू धीर करून उठल्या आणि म्हणाल्या, "वॉटर इज कमिंग फ्रॉम सीलिंग सिन्स टू मंथ्स." सगळ्यांना कळलं. तमिळ खजिनदारांनी तर वहीत टिपूनही घेतलं. पण परीक्षक उठलेच. "हॅज बीन कमिंग. आणि सिन्स नाही, फॉर." त्यावर तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, सीलिंगच्या आधी 'द' राहिला. मग सभा अशी रंगली की विचारू नका. काकू खाली बसल्या त्या बसल्याच. प्लंबर बोलावण्याचा ठराव वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलला. पाणी अजून गळतंय, पण आता व्याकरणशुद्ध.

परीक्षकाचाही फार दोष नाही म्हणा. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या पिढ्यांना एबीसीडी भेटली थेट पाचवीत, आणि पुढे दहावीपर्यंत काय केलं? रामाने रावणाला मारलं आणि रावण रामाकडून मारला गेला. पॅसिव्ह व्हॉइसमध्ये रावण नीट मेला की गुण. तोंड उघडण्याला गुणच नव्हते, म्हणून कुणी ते उघडलं नाही. तांबड्या शाईची दहशत मात्र अंगात मुरली. ज्यांच्या वह्या तिने रंगल्या, तेच मोठेपणी खिशात तांबडं पेन घेऊन फिरू लागले. (सासुरवास भोगलेली सून पुढे काय करते, हे वेगळं सांगायला नको.)

बरं, हे परीक्षक पास कधी झाले? २०११च्या जनगणनेत १२१ कोटींच्या देशात मातृभाषा इंग्रजी सांगणारे निघाले जेमतेम २ लाख ६० हजार. बाकी आपण सगळे एकाच वर्गात बसलेलो, एकमेकांच्या वह्या तपासत.

२०१२ साली आलेल्या गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश' चित्रपटात पुण्याच्या शशी गोडबोलेला न्यूयॉर्कची कॉफीवाली रडवते, ते एकदाच. घरात पोटची पोर आणि नवरा हेच काम रोजच्या रोज, चहा-नाश्त्यासकट करतात. थेटरात डोळे पुसणाऱ्यांतले किती जण घरी जाऊन आईचा उच्चार सुधारायला बसले असतील, देव जाणे. १९८३ साली लॉर्ड्सवर विश्वचषक उचलणाऱ्या कपिल देवच्या इंग्रजीलाही नाकं मुरडणारे होते. त्याने पुढे 'रॅपिडेक्स' या इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकाच्या जाहिरातीत झळकून त्याच इंग्रजीचा बाजार मांडला. याला म्हणतात फलंदाजी.

भीती घालवायची असेल तर क्लासला जाऊ नये, कुलाबा कॉजवेला जावं. तिथला पथारीवाला पर्यटकाशी जे बोलतो त्यात ना काळ, ना वचन, ना क्रियापद. 'गुड बॅग, बेस्ट प्राइस, यू हाऊ मच.' पर्यटक हसतो, घासाघीस करतो, बॅग घेऊन जातो. गिऱ्हाइकाचं लक्ष बॅगेकडे, याचं पैशाकडे. उच्चारांकडे बघायला तिसरा माणूस तिथे नसतो. असलाच, तर तो मराठी पदवीधर असतो, आणि बोलायचं धाडस नसल्यामुळे तीच बॅग मुकाट्याने सांगितलेल्या किमतीला घेऊन जातो.

तेव्हा सरकारने शिकणाऱ्यांना धीर देण्याच्या भानगडीत पडू नये. परीक्षकांना परवाना सक्तीचा करावा. दुसऱ्याची चूक काढण्याआधी त्याने गळक्या छतावर पाच मिनिटं उत्स्फूर्त इंग्रजी भाषण द्यावं. समोर श्रोते म्हणून फक्त परीक्षकच बसवावेत. अर्ज इंग्रजीत, स्वहस्ते, खाडाखोड न करता भरायचा. हा मसुदा आम्ही ओळखीच्या काही परीक्षकांना दाखवला. कल्पना सर्वांना पसंत पडली. "असे लोक फार माजलेत," असंही प्रत्येकजण म्हणाला. अर्ज मात्र 'घरून भरून आणतो' म्हणून जे नेले, ते नेले. एकाने तेवढं विचारलं, मराठीत भरला तर चालेल का?

चालेल म्हटलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासणारे पलीकडच्या खिडकीवर बसतात.