थांबा म्हणायला कोण होतं?

मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या निकालांच्या गोंधळाचं खापर लोक आजही सॉफ्टवेअरवर फोडतात. मला राग आहे तो रिकाम्या खुर्च्यांचा.

आठवून बघा. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि शिक्षकांनी त्या संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असं विद्यापीठाने ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. बेरजेच्या चुका टळतात, पेपर कुणाचा हे तपासणाऱ्याला कळत नाही. पण ती एका झटक्यात सगळ्या शाखांना लावली. उत्तरपत्रिका किती? सुमारे १७ लाख. मेरिटट्रॅक कंपनीला कंत्राट मिळालं तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि गठ्ठे आधीच साचले होते. शिक्षकांचं प्रशिक्षण घाईघाईत उरकलं. पुरवण्यांचा मूळ उत्तरपत्रिकांशी मेळ बसेना, काही उत्तरपत्रिका तर सापडेचनात. कायदा म्हणतो, निकाल ३० दिवसांत लावा, फार तर ४५. राज्यपालांनी कुलपती या नात्याने ३१ जुलैची मुदत दिली, तीही उलटली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. २४ ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आलं. १८५७ पासूनच्या या विद्यापीठात असं आधी कधी घडलं नव्हतं.

कुलगुरू गेले आणि सगळ्यांना वाटलं, हिशोब मिटला. तो मिटलेला नाही. ‘यंदा नको, आधी एकाच शाखेत करून बघू,’ असं ठणकावून सांगायचा अधिकार तेव्हा कुणाकडे होता? नवा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ ला लागू झाला, पण विद्यापीठाला जाब विचारणाऱ्या सिनेटच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. जुन्या सिनेटची मुदत २०१५ मध्येच संपली होती. पदवीधरांच्या जागांसाठी निवडणूक झाली ती थेट मार्च २०१८ मध्ये. म्हणजे एवढा मोठा डाव विद्यापीठाने टाकला तो नेमका, जाब विचारणारी माणसं सभागृहाबाहेर असताना.

याची किंमत कालिन्यातल्या विद्यापीठाच्या आवारात कळत नाही, ती भिवंडीच्या कामतघरात कळते. इथल्या मुलाच्या निकालात एका विषयापुढे ‘गैरहजर’ लिहून येतं. पेपर दिलेला असतो, हॉल तिकिटावर पर्यवेक्षकाची सही असते. कॉलेजच्या खिडकीतल्या मॅडम तरी काय करणार? ‘अरे बाळा, आम्ही हजेरी पाठवलीय. आता सगळं वरून होतं. कालिनाला जाऊन ये.’ भिवंडीला स्टेशन आहे, पण ते दिवा-वसई मार्गावर. मुंबईची लोकल पकडायला आधी ठाणे किंवा कल्याण गाठायचं, मग कुर्ला, मग पुन्हा रिक्षा. मुलगा मागावर किंवा गोदामात कामाला असेल तर त्या दिवसाचा खाडा. एका चुकीच्या नोंदीपायी घरातली एक मजुरी जाते, आणि पुढच्या प्रवेशाची तारीख काही त्याच्यासाठी थांबत नाही.

कामतघरच्या कारखान्यात धागा तुटला की कारागीर आधी माग थांबवतो, धागा जोडतो, मगच पुढे जातो. शेठची परवानगी मागत बसत नाही, कारण तसाच चालू ठेवला तर कापड खराब होतं. विद्यापीठाच्या संगणक कारभारात काम थांबवायचा हा अधिकार परीक्षा विभागातल्या एखाद्या जाणत्या अधिकाऱ्याला का नसावा?

चूक मोठमोठ्यांकडूनही होते. केंब्रिज विद्यापीठाने २००० साली ‘कॅप्सा’ नावाची नवी हिशोबप्रणाली अशीच एकदम सुरू केली आणि खात्यांचे व्यवहार अडकले. पण पुढे त्यांनी जे केलं ते आपण केलं नाही. अँथनी फिंकेलस्टाइन आणि मायकल शॅटक या दोन बाहेरच्या जाणकारांकडून चौकशी करून घेतली आणि २००१ मध्ये अहवाल जगासमोर ठेवला. त्यात एकट्या माणसावर बिल फाडलं नाही. निर्णय कोणी घ्यायचा, वापरणाऱ्यांना विचारलं का, समित्यांनी काय पाहिलं, याची स्वच्छ चिरफाड केली. स्वतःच्या चुका छापायला विद्यापीठाला लाज वाटू नये. अभ्यास करणं हेच तर त्याचं काम.

आपल्याकडे? ऑक्टोबर २०२० मध्ये दूरस्थ शिक्षण संस्थेची ऑनलाइन परीक्षा सायबर हल्ल्यामुळे पुढे ढकलावी लागली. २०२२ मध्ये सिनेटची मुदत पुन्हा संपली. पदवीधरांची निवडणूक लांबत लांबत २४ सप्टेंबर २०२४ ला झाली, तीही प्रकरण कोर्टात गेल्यावर. जानेवारी २०२५ च्या दीक्षान्त समारंभानंतर कळलं की काही पदव्यांवरच्या बोधचिन्हात ‘मुंबई’चं इंग्रजी स्पेलिंगच चुकलंय. ‘मुमाबई’ विद्यापीठ! ज्या कागदासाठी आईबापांनी पोटाला चिमटा काढला, त्यावर शहराचं नाव धड नाही. छपाईला सोडण्याआधी नमुना एकाने जरी नीट वाचला असता तर हे टळलं असतं.

कायद्यात माहिती तंत्रज्ञान मंडळ हे स्वतंत्र प्राधिकरण आहे. ते नुसतं कायद्याच्या पुस्तकात असून भागत नाही. त्याच्या बैठकांची इतिवृत्तं संकेतस्थळावर टाका. कोणती प्रणाली का घेतली, किती रुपयांना, कंपनी चुकली तर दंड किती, हे सात जिल्ह्यांतल्या कोणत्याही विद्यार्थ्याला मोबाइलवर वाचता आलं पाहिजे. मंडळात तज्ज्ञ हवेतच, पण कॉलेजच्या परीक्षा विभागात रोज फॉर्म भरून घेणारा एखादा क्लार्कही बसवा. कोणती लिंक कुठे अडकते, ते तज्ज्ञांच्या आधी त्याला कळतं. नवी प्रणाली आधी एका छोट्या अभ्यासक्रमावर चालवून दाखवा, आणि तिथे अडली तर जुन्या पद्धतीने निकाल लावायची तयारी ठेवा. ठाण्यात आणि कल्याणमध्ये विद्यापीठाची उपकेंद्रं आहेत. तिथे नुसता अर्ज घेणारा माणूस नको, नोंद दुरुस्त करायचा अधिकार असलेला माणूस बसवा, आणि सिनेटच्या पुढच्या निवडणुकीची तारीख आजच जाहीर करा.