सौजन्यवाले तात्या

करकंबात सरकारी पैशानं काहीही झालं की ते तात्यांनी केलेलं असतं. रस्ता, गटार, हायमास्टचा दिवा, देवळापुढचा सभामंडप. "ते आपण आणलं," असं तात्या इतक्या सहज म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, पिशवीत घालून पंढरपूरच्या बाजारातनं आणलं असेल. तात्या सरपंच नाहीत, सदस्यही नाहीत. एकदा उभे राहिले होते, पडले. पण निवडून येणं वेगळं आणि फोटो येणं वेगळं, हे त्यांना त्याच वेळी उमगलं आणि त्यांनी दुसरं धरलं. खरं नाव सांगत नाही, कारण असा एक तात्या गावोगाव असतो. आमचा जरा जोरात आहे, इतकंच.

त्यांचा खरा अभ्यास फ्लेक्सचा. आमच्या भागात फ्लेक्स लावणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. करकंब तालुक्यानं पंढरपूरचं, पण 2009 च्या निवडणुकीपासून विधानसभेला माढ्याचं. त्याच मतदारसंघात माळशिरसातलं महाळुंग मंडलही घातलेलं. म्हणजे तीन तालुक्यांचे पुढारी, त्यांची मुलं, पुतणे, साखर कारखान्यांचे आजी-माजी चेअरमन, या सगळ्यांना एका फ्लेक्सवर बसवायचं आणि कुणाचं डोकं कुणाच्या खांद्याखाली येऊ द्यायचं नाही. वरच्या ओळीत गोलातली दिल्ली-मुंबई, मधे आमदार-खासदार, तळाला तिकिटाएवढे शुभेच्छुक. तात्या शुभेच्छुकांत कधीच नसतात. ते उजव्या बाजूला पायाच्या नखापर्यंत उभे असतात, हात जोडून, गॉगल लावून. भूमिपूजन गटाराचं असलं तरी गॉगल असतोच.

2022 ला शिवसेना फुटली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रवादी. वर्तमानपत्रांनी त्याचे अर्थ बरेच लावले, पण तात्यांचं नुकसान कुणी छापलं नाही. राष्ट्रवादीचे काका-पुतणे शेजारीशेजारी असलेले दोन फ्लेक्स त्यांच्याकडं नवेकोरे पडून राहिले. ते आता कडब्याच्या गंजीवर आहेत. पाऊस आला की दोघं एकत्रच भिजतात. बाकीचे जुने फ्लेक्स गळीत हंगामात टोळ्या आल्या की ऊसतोड्यांच्या कोप्यांवर चढतात. तात्यांच्या हातून लाभार्थ्यापर्यंत थेट पोचलेली ही एकमेव योजना, आणि नेमका हिचाच त्यांनी फोटो काढलेला नाही.

फ्लेक्सला पैसे कुठून येतात, असं मी एकदा विचारलं.

"त्ये ठेकेदार बघतोय."

ठेकेदार कुठनं बघतो, हे पहिल्या पावसानंतर रस्त्याची जाडी बघितली की कळतं.

आषाढीला पैठणहून निघालेली एकनाथ महाराजांची पालखी करकंबावरनं पंढरपूरला जाते. स्वागताचा फ्लेक्स अर्थातच तात्यांचा. एका वर्षी घाईत त्यांनी फ्लेक्सवाल्या पोराला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला, 'वर एकनाथांचा फोटो मोठा टाक.' तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे. पोरगं बिचारं दिवसभर पुढाऱ्यांचेच चेहरे कापत बसणारं. त्यानं मुख्यमंत्र्यांचा फोटो टाकला आणि खाली 'शांतिब्रह्म' तसंच ठेवलं. वारकऱ्यांनी वाचलं, हसले, पुढं गेले. तात्यांनी फ्लेक्स उतरवला नाही. "महाराजांना चालतंय. साहेबांना न्हाई चाललं तर पंचाईत."

2024 चा पावसाळा मात्र त्यांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. लाडकी बहीण योजना आली, महिन्याला 1500 रुपये. फ्लेक्स लागला तो बस थांब्याच्या अर्ध्या उंचीपासून पत्र्यापर्यंत. बाया त्याच्यासमोर उभ्या राहून विचारत होत्या, उत्पन्नाचा दाखला लागतोय का पिवळं रेशनकार्ड चालतंय? डोमिसाईल नसलं तर? शेवटची तारीख कुठली? मी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. चेहरे होते, राखी होती, 'आभार' होतं. योजनेचा अर्ज अजून भरायचा होता तरी आभार आधीच मानलेले. तारीख नव्हती.

"तात्या, तारीख तरी टाकायची."

"जागा कुठाय? तारीख टाकायची म्हणलं तर एक फोटो काढावा लागतोय. कुणाचा काढू सांगा. तुम्हीच सांगा!"

मी गप्प बसलो. माझ्यात तेवढी हिंमत नाही.

बायांना हवं ते सगळं अंगणवाडीच्या दारावर होतं. वहीचं फाडलेलं पान, निळ्या पेनानं लिहिलेलं. आधार, बँकेचं पासबुक, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, डोमिसाईल नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला. खाली तारीख. ती आधी 15 जुलै होती, ती खोडून 31 ऑगस्ट केलेली. सेविकाबाईंचं नाव नव्हतं, फोटोचा तर प्रश्नच नाही. एका अर्जामागं 50 रुपये द्यायचं सरकारनं कबूल केलं होतं. त्याच सरकारनं या एका योजनेच्या प्रसिद्धीसाठी 199.81 कोटी रुपये मंजूर केले. आता एवढ्या कोटीत वहीची किती पानं आली असती, हा हिशेब मी तात्यांपुढं मांडणार होतो. पण ते म्हणाले असते, पानावर फोटो कुठं बसतोय?

शिवाय गावागणिक एक 'योजनादूत' नेमायचं ठरलं. राज्यात 50 हजार पदवीधर, महिना 10 हजार, सहा महिने. म्हणजे 300 कोटी. तात्यांना ते लागलं. "मी एवढी वर्सं फुकट दूतगिरी केली आन् आता पोरास्नी पगार?" दूत गावाला दिसायच्या आत आचारसंहिता लागली, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

योजना वाईट होती असं माझं म्हणणं नाही. पंधराशे रुपये आमच्याकडं पंधराशेच असतात, आणि सरकारनं सांगूच नये असंही नाही. पोलिओच्या डोसाची जाहिरात झाली नसती तर पोरं बूथवर आली असती का? पण त्यात रविवार कुठला, पोर किती वर्षांचं, हे असायचं. चेहऱ्यानं यातलं काय कळतं? सुप्रीम कोर्टानं 2015 च्या मे महिन्यात हेच विचारलं आणि सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून बाकी सगळ्यांचे फोटो बंद केले. मुख्यमंत्र्यांविना जाहिराती निघू लागल्या. एरवी कशावरही एकमत न होणारी राज्यं आणि केंद्र यावर मात्र एक झाली, कोर्टात गेली, आणि मार्च 2016 मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री परत चौकटीत आले. दहा महिने राज्यं मुख्यमंत्र्यांच्या चेहऱ्याविना चालली. कुणाचं काय अडलं, ते मला तरी आठवत नाही.

2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत आनंदाचा शिधा मिळाला. रवा, हरभऱ्याची डाळ, साखर, पामतेल. पिशवीवर मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री. पामतेल लक्ष्मीपूजनालाच संपलं, पिशवी अजून भाजी आणायला जाते.

हे आपल्याकडंच चालतं असंही नाही. अमेरिकेत 2020 ला करोनाची मदत म्हणून जे कागदी धनादेश गेले, त्यावर ट्रम्पसाहेबांनी स्वतःचं नाव छापून घेतलं. तात्यांना हे सांगितलं तर त्यांनी भुवया वर केल्या.

"नुसतं नाव? फोटो न्हाई?"

"नाही."

"कच्चाय गडी."

एकदा मात्र तात्या मनातलं बोलले. मी म्हणालो, पैसा लोकांचा, काम सरकारचं, मग मधे फोटो कशाला? ते जरा विचारात पडले. "फोटो नसला तर लोकांना वाटंल सरकारनंच केलं."

"सरकारनंच केलंय की."

"मग आपण काय केलं?"

यात लबाडी नव्हती. चेहऱ्याशिवाय दिलेलं कुणी दिलंच नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. आणि मंत्रालयात बसून कोट्यवधींची फाईल वर सरकवणाऱ्यालाही बहुधा तेच वाटत असावं. फक्त त्याचा फ्लेक्स राज्याएवढा.

तात्यांचा सगळ्यात जीव कशात असेल, तर देवळापुढच्या सिमेंटच्या बाकड्यांत. आमदार निधीतली बाकडी. पाठीला पिवळ्या रंगात आमदारांचं नाव, त्याखाली 'यांच्या विशेष प्रयत्नातून' आणि मग तात्या. अडचण अशी, की बाकड्यावर माणूस बसला की नेमकं तात्यांचंच नाव झाकतं. त्यामुळं ते येताजाता म्हाताऱ्यांना उठवतात. "नाना, जरा कडंला सरका, नाव दिसंना." नाना सरकतात. नानांना वाचता येत नाही, पण भांडणही नको असतं.

15 ऑक्टोबर 2024 ला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि ग्रामपंचायतीचा शिपाई खळीची बादली अन् जुनी वर्तमानपत्रं घेऊन नावं झाकायला निघाला. कोनशिला, थांबा, हायमास्टचा खांब, शेवटी बाकडी. मला वाटलं तात्या भांडतील. ते तर मदतीला उभे. कागद कुठं उचलतोय, कुठं सुरकुती पडतीय, सगळं दाखवत होते. रस्त्यानं जाणारा थांबून विचारी, काय झाकताय? "माझं नाव!" तात्या मोठ्यांदा सांगत. उत्तर प्रदेशात 2012 च्या निवडणुकीआधी आयोगानं मायावतींचे दगडी हत्ती प्लास्टिकमध्ये गुंडाळायला लावले, तेव्हा तोवर ज्यांनी ते पाहिले नव्हते त्यांनाही लखनौत हत्ती आहेत हे कळलं होतं. तात्यांना त्या हत्तींची गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती.

शिपायानं शेवटच्या बाकड्याला बदाबदा खळ फासली, तसे मात्र ते चिडले.

"आरं येड्या, पातळ लाव की! निकाल लागला की तेवीस तारखंला परत काढायचंय. रंग निघाला तर भरून कोन देनार? ग्रामपंचायत?"

"मग कोन देतंय, तुमी?" शिपाई म्हणाला.

तात्यांनी त्याच्याकडं बघितलं, खिशात हात घातला आणि मोबाईल काढला. "थांब जरा. ह्याचा एक फोटो काढ."