कुंपणापलीकडची मीटिंग

आमच्या ह्यांच्या ऑफिसात कोणाचं कोणाशी वाजलं, हे मला कळायच्या आधी शेजारच्या काकूंना कळतं. त्यात त्यांचा काही दोष नाही. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत, तिच्यावर मधुमालती, आणि भिंतीला लागूनच ह्यांची कामाची खोली. डोक्यावर हेडफोन चढला की ह्यांचा आवाज असा लागतो की कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा मान वर करून बघतो.

"काय गं, सर्व्हर परत पडला का?" काकू कढीपत्ता तोडता तोडता विचारतात.

"पडला म्हणे."

"त्या बंगलोरवाल्याचं काम. मी मंगळवारीच म्हटलं होतं, हा मुलगा नुसता हो-हो करतो."

आता यावर मी काय बोलणार? मला तर बंगलोरला कोणी आहे हेच माहीत नव्हतं.

"पण काकू, हे एरवी असे नाहीत हो. ताटावर मीठ हवं असलं तरी खुणेने मागतात. हेडफोन लावला की अंगात काय येतं कोण जाणे!"

"अंगात कसलं येतंय? साइडटोन नाही त्याला."

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल, अर्जंट कॉल, लाइटनिंग कॉल, सगळे त्यांच्या हातून गेलेले. त्यामुळे या विषयात त्या बोलायला लागल्या की मी पिशवी खाली ठेवते.

"आमच्या कानाला जे डबडं असायचं ना, त्यात आपलाच आवाज थोडासा परत यायचा. मुद्दाम ठेवलेला असे तो. घरोघरच्या काळ्या फोनमध्येही यायचा. आपण किती मोठ्याने बोलतोय हे आपल्याला कळतं, म्हणून माणूस आपसूक हळू बोलतो. तुझ्या नवऱ्याचे दोन्ही कान गच्च बंद आणि स्वतःचा आवाज ऐकायची सोय नाही. त्याला वाटतं, आपलं पलीकडे पोचतच नाहीये. मग ओरडतो. आणि आम्हाला कान एकच द्यायचे हो, दुसरा मोकळा. सुपरवायझरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या तर कळायला नको?"

घरी येऊन मी ह्यांना एक कान उघडा ठेवायला सांगितलं. "मग नॉइज कॅन्सलेशन कशाला घेतलंय?" म्हणाले. तो एक वेगळाच अध्याय आहे. खोक्यावर ते दोन शब्द बघून ह्यांनी भरपूर पैसे मोजले, आणि समजूत अशी की घरातला गलका आता मीटिंगमधल्या लोकांना ऐकू जाणार नाही. खरी गोष्ट अशी की ते जे काही बंद होतं ते ह्यांच्या कानापुरतं. बाहेरचा आवाज टिपायचा, त्याच्या नेमका उलटा आवाज आत सोडायचा, की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. अमर बोस नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांना (वडील बंगालचे क्रांतिकारक, तिकडे परागंदा झालेले) हे 1978 मध्ये विमानात बसल्या बसल्या सुचलं, आणि 1989 मध्ये वैमानिकांसाठी तसा हेडसेट बाजारात आला. विमानाची घरघर, पंख्याचा घुमारा, असले एकसुरी खालचे आवाज त्यात छान विरतात. कुकरची शिट्टी त्या जातीची नव्हे. आणि पलीकडच्यांना काय ऐकू जावं हे ठरवणार माइक, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्यामुळे ह्यांना मी मारलेली हाक ऐकू येत नाही, दूध उतू जातं, आणि तिकडे नागपूरचा साहेब विचारतो, "वरण किती शिट्ट्यांचं करता तुम्ही?"

हे ऐकून काकू एवढ्या हसल्या की कढीपत्त्याची फांदी हातातून सुटली.

"आणि आवाज तरी कसला येतो म्हणून सांगू! गाणी ऐकताना एकदम गोड. मीटिंग सुरू झाली रे झाली, की सगळे बादलीत तोंड घालून बोलल्यासारखे."

हे मात्र काकूंच्या काळात नव्हतं. ते आमच्या चिरंजीवांनी समजावलं. ब्लूटूथच्या दोन तऱ्हा आहेत. एक नुसतं ऐकायची, तिच्यात आवाज भरदार, दोन्ही कानांना वेगळा. दुसरी ऐकायची-बोलायची. माइक चालू झाला की बहुतेक हेडफोन पहिलीवरून दुसरीवर उडी मारतात, आणि तिथे आवाज एकपदरी, फोनछाप. म्हणून तर कित्येक लॅपटॉपच्या यादीत एकच हेडफोन दोनदा दिसतो. ऐकायला हेडफोन आणि बोलायला लॅपटॉपचाच माइक निवडला, तर कानातला आवाज चांगला राहतो. पण लॅपटॉपचा माइक हातभर लांब, आणि कीबोर्डला चिकटून. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो; लांब गेलं की माइकला ह्यांच्यापेक्षा घरच जास्त ऐकू येतं. मग पुन्हा नागपूर आणि पुन्हा शिट्ट्या.

त्यातून तो हेडफोन एकाच वेळी लॅपटॉपलाही जोडलेला आणि मोबाइललाही. भर मीटिंगमध्ये सांगलीहून आत्याबाईंचा फोन आला, आणि हेडफोन साहेबांना सोडून आत्याबाईंकडे गेला. आत्याबाई गुडघ्याचं सांगतायत, हे "येस सर, येस सर" करतायत.

"ते मी ऐकलं," काकू म्हणाल्या. "आता बरा आहे ना गुडघा?"

हेडफोन नको म्हणून लॅपटॉपला स्पीकर लावला, तर त्याची घुंईं. ती मात्र काकूंनी भिंतीपलीकडूनच ओळखली. "लॅपटॉपचा चार्जर काढून बघ." काढला, तर साफ बंद. लावला की पुन्हा घुंईं. वायरमन आला, एक्स्टेंशन बोर्ड उघडला, तर तिसऱ्या पिनेला आत वायरच जोडलेली नाही. तीन भोकं नुसती दिसायला. असले बोर्ड विकणाऱ्यांना काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही. आवाजाचं सोडा, शॉक बसला असता म्हणजे?

पावसाळ्यात कानावरच्या गाद्यांचं रेक्झिन सोलायला लागलं. ह्यांच्या कानशिलावर, कॉलरवर, उशीवर काळे कपटे. पुण्याची पावसाळ्यातली हवाच तशी, दमट हवेने ते कातडं आतून कुजतं, जपून वापरलं काय आणि कपाटात ठेवलं काय. नवी जोडी मागवावी तर त्या मॉडेलची मिळत नाही.

शेवटी काकू आत गेल्या आणि मुलाचा जुना वायरचा हेडसेट घेऊन आल्या. कॉल सेंटरमधला, एका कानाचा, तोंडापुढे काडीवर माइक. वायर पिनेपाशी तुटलेली, कारण हे बहुतेक तिथेच तुटतात. माणसं पिन धरून काढायच्या ऐवजी वायर ओढतात. तो मी तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नेला. दुकानदाराने वायर सोलून दाखवली, आत लाल, हिरव्या, तांब्याच्या रंगाच्या अशा केसाएवढ्या तारांची बटच्या बट. त्यांच्यावर लाखेसारखा थर असतो, तो जाळल्याशिवाय डाग धरत नाही. म्हणून घरी खटपट केली की फसते. त्याने लायटर एकदा फिरवला, डाग दिला, नवी पिन बसवली. मी नाव विचारायच्या आत पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

काकूंनी पिन बोटात फिरवून बघितली. "आमची पाव इंचाची असायची. हिचीच आजी."

हे सोमवारपासून तोच लावतात. चार्जिंग नाही, आत्याबाई नाहीत, माइक ओठांपाशी, एक कान उघडा. आवाज निम्म्यावर आलाय. काकूंची जरा पंचाईत झाली आहे, बंगलोरवाल्याचं पुढे काय झालं ते त्यांना मला विचारावं लागतं, आणि मला ह्यांना.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा वायरचा हेडसेट पडला असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. फक्त जोडायच्या आधी पिन बघा: तीन काळ्या रेघा असतील तर ती माइकसकट एकाच भोकात जाते, दोन रेघांच्या दोन पिना असतील तर गुलाबी माइकची आणि हिरवी ऐकायची. बहुतेक नव्या लॅपटॉपला भोक एकच असतं. त्यासाठी दोन पिना एकात घेणारा छोटा जोड मिळतो, तो घ्या.