भाऊ आणि त्यांचा युक्रेन

'पिक्चर कसा होता?' असं ज्याला विचारायची सोय नसते, असा एक तरी माणूस प्रत्येक गावात असतो. वर्ध्यात आमच्या वाट्याला भाऊ आले आहेत. नव्वदच्या दशकात बँकेतून रजा काढून ते पुण्याला गेले आणि फिल्म इन्स्टिट्यूट व फिल्म संग्रहालय मिळून उन्हाळ्यात घेतात तो चित्रपट रसग्रहणाचा महिनाभराचा वर्ग करून आले. तेव्हापासून ते पिक्चर पाहत नाहीत, 'चित्रकृती' पाहतात. निवृत्तीनंतर माडीवर पांढरी चादर ताणली, प्रोजेक्टर घेतला आणि दर रविवारी गल्लीवर जागतिक सिनेमाचा मारा सुरू केला.

उन्हाळ्यात फक्त मूकपट. कारण कलात्मक नाही. कूलर लावला की संवाद ऐकू येत नाहीत, आणि वर्ध्याच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवला तर प्रेक्षक टिकत नाहीत. प्रेक्षक म्हणजे चार निवृत्त मंडळी, स्पर्धा परीक्षेचा एक होतकरू आणि चिवड्यासाठी येणारा शेजारचा पोरगा.

भाऊंचा जीव युक्रेनवर. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. कुणी चुकून 'रशियन पिक्चर' म्हटलं की प्रोजेक्टर थांबतो, दिवा लागतो. "दिग्दर्शक व्हर्टोव्हला मॉस्कोच्या कंपनीनं काढून टाकलं होतं. मग युक्रेनच्या कंपनीनं त्याला घेतलं आणि १९२९ साली 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' झाला. भावानं चित्रण केलं, बायकोनं संकलन. कीव्ह, खारकीव्ह, ओदेसा! आता सांगा, रशियन?" कुणी काही सांगत नाही. दिवा मालवतो. 'बॅटलशिप पोटेमकिन'च्या बाबतीत मात्र त्यांची पंचाईत होते. जिना ओदेसाचा, सिनेमा मॉस्कोचा. तिथे ते प्रामाणिकपणे "तो आपला नाही" म्हणतात आणि पाणी पितात.

नव्या माणसाला युक्रेन पटकन समजावा म्हणून 'नाटू नाटू'चा आधार घ्यावा लागतो, हे त्यांचं खरं दुःख. ते नाचगाणं २०२१ साली कीव्हच्या मारिन्स्की राजवाड्यासमोर चित्रित झालं. हे सांगितलं की समोरचा "अच्छा, ते होय!" म्हणून खुलतो आणि भाऊंचा चेहरा कडू होतो.

दिग्दर्शक दोव्झेन्कोचा १९३० चा 'अर्थ' (म्हणजे धरती) दाखवला तो रविवार गल्ली अजून काढते. सुरुवातीलाच सफरचंदांच्या ढिगाशेजारी एक म्हातारा पडलेला असतो. शांतपणे फळ खातो आणि मरतो. त्याला वेळ लागतो. घरच्या काकू चहाचा ट्रे घेऊन दोनदा दारात डोकावल्या आणि दोन्ही वेळा विचारलं, "मेला का हो तो?" पुढे गावात पहिला ट्रॅक्टर येतो, वाटेत पाण्यावाचून अडतो आणि गडीमाणसं मिळून रेडिएटरमध्ये लघवी करतात. माडी हसली. सेलूकडे शेती असलेले एक काका मात्र गंभीर झाले. "रेडिएटर सडन ना भाऊ एका हंगामात. मीठ असते त्याच्यात." भाऊ म्हणाले, "ते प्रतीक आहे." काका म्हणाले, "असन बापा. पन रेडिएटर कोनाचा?" ट्रॅक्टर सामुदायिक शेतीचा आहे, म्हणजे रेडिएटर सगळ्यांचा, असं भाऊंनी सांगितल्यावर काकांनी मान हलवली. "मंग बराबर आहे. सगळ्यायचा म्हनजे कोनाचाच नाही." दोव्झेन्कोवर स्टालिनच्या काळात टीका झाली ती याहून बरीच कमी समजूतदार होती, असं माझं मत आहे.

एक गोष्ट मी बरीच वर्षं पाहतो. भाऊ भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी, काकूंशी शुद्ध वऱ्हाडीत बोलतात. चादरीसमोर उभे राहिले की प्रमाण मराठीत शिरतात. आशय, अवकाश, दृश्यभाषा. जणू पुण्याचे परीक्षक अजून मागच्या खुर्चीवर बसलेले आहेत.

फक्त पाराजानोव्हच्या रात्री तसं झालं नाही. 'शॅडोज ऑफ फरगॉटन अँसेस्टर्स', १९६५. दिग्दर्शक तिबिलिसीत जन्मलेला आर्मेनियन, सिनेमा कीव्हच्या दोव्झेन्को स्टुडिओचा, पात्रं कार्पेथियन डोंगरातली हुत्सूल. त्यांना त्यानं त्यांच्याच बोलीत बोलू दिलं आणि रशियन डबिंगला नकार दिला. एवढं सांगून भाऊ थांबले, आणि मग एकदम घसरले: "आन आपल्या सिनेमात वऱ्हाडी कवा येते? हासवाले! गडी, चौकीदार, येडा. मानूस मरते, पिरेम करते, रडते, ते समदं पुन्याच्या भाषेत. काहून? आपन रडत नाही का?" सगळ्यांना नीट ऐकू गेलं. प्रश्न नेमका होता, आणि उत्तर माडीवर कुणाकडेच नव्हतं. भाऊंनी चष्मा पुसला आणि पुन्हा 'दृश्यभाषे'कडे वळले.

मार्च २०२४ मध्ये 'ट्वेंटी डेज इन मारियुपोल' या युद्धावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. युक्रेनचं पहिलंच. सोमवारी सकाळी भाऊ गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या खास बिस्किटांचा, डबा घेऊन आले, गल्लीत वाटायला. तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर दिग्दर्शक चेर्नोव्हचं भाषण लागलं: हा माहितीपट करायची वेळच आली नसती तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं. भाऊंनी डबा पिशवीत ठेवला. संध्याकाळी पोरग्यानं आठवण केली, तेव्हा त्याला एक दिला, स्वतः घेतला नाही.

माडीवर अजून रविवारी सिनेमा असतो. वर्ध्यात असाल तर जरूर जा. प्रवेश फुकट, चहा काकूंचा, चिवडा भरपूर. रेडिएटरबद्दल शंका असेल तर खुशाल विचारा. 'रशियन' तेवढं म्हणू नका, घरी जायला अर्धा तास उशीर होतो.