काका, हलू नका

मार्च लागला की आमच्या मजल्यावरच्या फोडणीतून कढीपत्ता गायब होतो. समोरच्या वहिनींच्या कुंडीत तो चांगला डवरलेला असतो, पण तोडायचा नाही, कारण त्याच्यावर ‘लोक राहतात’. हा शब्द वहिनींच्या मुलीचा. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. इमारतीत तिला नावाने कुणी हाक मारत नाही. “बायॉलॉजी आली का गं क्लासवरून?” असंच विचारतात. तिची आईसुद्धा.

ही जात तुमच्या ओळखीची असणारच. पाल दिसली की घरातली माणसं पलंगावर चढतात आणि एकच कार्टं मोबाइल घेऊन पालीच्या दिशेने सरकतं, तेच हे. परीक्षा तोंडावर आली की यांना अभ्यासाची सुट्टी मिळते आणि नेमका तेव्हाच बाहेर वसंत असतो. ही वेळ कुणी ठरवली, त्याला एकदा बघायचंय मला.

आमच्या बायॉलॉजीचा अभ्यास गच्चीवर चालतो. तिथे रंगाचे रिकामे डबे, फुटकी बादली आणि मासळीवाल्याकडून आणलेले थर्माकोलचे खोके यांत मोगरा, गवती चहा, लिंबू, कारली, टोमॅटो असा पसारा आहे. पुस्तक डब्यावर उपडं, मुलगी डब्यामागे उपडी. बियाणं ती सुताच्या रिकाम्या कोनात रुजवते. हे कोन पुरवतो मी, कारण मी एका यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो. “काका, कोन आणा” एवढ्या एका वाक्यापुरती मला हालचालीची परवानगी आहे. एरवी तिचं माझ्याशी बोलणं तीनच शब्दांचं असतं.

“काका, हलू नका.”

पहिल्यांदा हे वाक्य आलं तेव्हा मी जिन्यात होतो, हातात दुधाची फुटकी पिशवी. माझ्या खांद्यावर प्रार्थनाकीटक बसला होता म्हणे. बायॉलॉजी मोबाइल आणायला घरात गेली. दूध एकेक थेंब पायरीवर पडत होतं, वरून जोशीबुवा उतरत होते, खालून गॅसवाला चढत होता, आणि मी मध्ये पुतळा. गॅसवाल्याने काही न विचारता सिलिंडर टेकवला आणि तोही थांबला. भिवंडीत माणूस उगाच थांबत नाही, काहीतरी झालं असणार, असं त्याला वाटलं असावं.

चैत्रात आमच्या इमारतीची माणसं वज्रेश्वरीच्या यात्रेला गेली. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत या देवीला नवस बोलला आणि १७३९ साली किल्ला जिंकल्यावर देऊळ बांधलं, असं सांगतात. त्यांनी वसई घेतली, मला चार पायऱ्या घेता येईनात. माझ्या टोपीवर कसलासा भुंगा उतरला होता. “काका, हलू नका.” मागून रांग ढकलतेय, पुढून पुजारी ओरडतोय आणि ही पाठीमागच्या आजींना भुंग्याचे पाय मोजून दाखवतेय. आजींनी भुंग्यालाच हात जोडले. देवीच्या दारातला जीव, खोटं कशाला म्हणा!

सोसायटीच्या सभेत चेअरमन टँकरच्या बिलावर तावातावाने बोलत असताना “चेअरमन काका, हलू नका” झालं. आमच्या सोसायटीच्या इतिहासातली तेवढीच शांत सभा. बिल मंजूर झालं.

रविवारी पहाटे ती वऱ्हाळदेवी तलावावर जाते आणि “एकटी नको” म्हणून वहिनी मला तिच्यासोबत पिटाळतात. तिथे काठावर वंचक उभा असतो. हा बगळ्याच्या कुळातला पक्षी एरवी मातकट दिसतो, उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र त्याच्या पाठीवर लालसर तपकिरी रंग चढतो. मासा टप्प्यात येईपर्यंत तो जागचा हलत नाही. बायॉलॉजी त्याच्याकडे बघते, मग माझ्याकडे बघते. काही बोलत नाही. मला कळतं.

परवा अंजूर फाट्याच्या पुढे गोदामाच्या भिंतीलगत रुईचं झुडूप दिसलं आणि तिने माझी स्कूटर थांबवली. शेजारी ट्रक उभा. ड्रायव्हर बिडी काढत भिंतीला टेकणार, तेवढ्यात ही ओरडली, “भाईसाब, हिलना मत!” बिचारा बिडी तशीच ओठात धरून उभा राहिला. त्याच्या कोपराजवळच्या पानावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी चरत होती. मग त्याने खाली वाकून ती निरखून पाहिली आणि आपल्या गावाकडेही ही असते म्हणाला. पाच मिनिटं दोघांच्या गप्पा. तोवर मी उन्हात.

पण मूळ दुखणं कढीपत्त्याचं. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, हे आम्हाला पोहे खाताना ऐकवण्यात आलं. त्यामुळे लिंबावरचं फुलपाखरू कढीपत्त्यावरही अंडी घालतं. अंडं मोहरीहून लहान. अळी लहान असते तोवर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून तिला कुणी खात नाही. मोठी झाली की हिरवीगार होते. वहिनींनी एकदा चोरून पान तोडायला हात घातला, तर अळीच्या डोक्यामागून दोन टोकांचं नारिंगी शिंग बाहेर आलं आणि असा उग्र दर्प सुटला की वहिनींनी त्या दिवशी कढीच केली नाही.

पुढे कुंडीतली पानं संपली, तेव्हा मी बाजारातून आणलेली जुडी जप्त झाली. दुसऱ्या दिवशी परत आली. “यावर फवारणी असेल, त्यांना नको.”

“मग आम्ही खायची?”

“तुम्ही मोठे आहात काका.”

एप्रिलातल्या एका पहाटे वीज गेली आणि माग बंद पडले. खटखट थांबली की आम्हा भिवंडीकरांना जाग येते. मी गच्चीवर गेलो. ती आधीच तिथे बसलेली, उजेडाची वाट बघत. काठीला रेशमाचा धागा कमरेशी बांधून टेकलेला कोष वरच्या बाजूने उकलत होता. जे बाहेर आलं ते फुलपाखरू म्हणावं असं नव्हतं. फुगलेलं पोट आणि ओल्या चिंध्यांसारखे पंख. पोट आत जात होतं, पंख भरत होते, सुरकुत्या एकेक करून उलगडत होत्या. काळ्यावर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या कडेला एक तांबडा. मला कुणी हलू नका म्हणालं नव्हतं.

“शाळेत असताना इथून भातखाचरं दिसायची, आठवतं का काका?” तिने विचारलं. आठवतं. आता तिथे निळ्या पत्र्यांची गोदामं आहेत. ती लिंबाची झाडं कुंडीत का लावते, हे मी तोवर विचारलं नव्हतं. त्या दिवशीही नाही विचारलं. कारटीने मोबाइल काढलाच नव्हता, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

मे महिन्यात तिचे मामा आले. पदवी झाल्यावर पुढे काय, हा विषय निघाला. मामांकडे उत्तर तयार होतं. पेस्ट कंट्रोल. गोदामं एवढी, धान्याची, औषधांची, सगळीकडे फवारणी लागते आणि या कंपन्यांना सायन्सचे पदवीधर हवेच असतात. शिवाय घराजवळ.

बायॉलॉजीने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मामा, फवारायच्या आधी कोण आहे ते बघू देतात का?”

मामांनी पगाराचा आकडा सांगितला.