रा. रा. व्हीआयपी यांस

सा. न. वि. वि.

परवा भाच्याच्या लग्नात आपलं दर्शन झालं. पहिल्या रांगेत पांढऱ्या खोळीतले चार सोफे आणि प्रत्येकाच्या पाठीवर सेलोटेपने चिकटवलेल्या कागदात आपण. मामा म्हणून नवरदेवामागे उभा राहून माझे गुडघे बोलू लागले होते, कारण मंगलाष्टकं रचणारे आमच्याकडे फार. म्हणून अक्षता पडल्यावर जरा टेकलो, तोच बिल्ला लावलेला एक पोरगा आला. "काका, उठा, हे व्हीआयपींसाठी आहे." आता कागदाशी कोण वाद घालणार? उठलो. साहेब आले ते पंगती उठल्यावर. उभ्याउभ्या फोटो काढून गेलेही. सोफ्यांच्या खोळीला शेवटपर्यंत सुरकुती पडली नाही.

तशी आपली ओळख जुनी. माझ्या लग्नात आपण सुटकेस होऊन आलात आणि एसटीच्या टपावर सुतळीने करकचून बांधलेले घरी पोचलात. आता माळ्यावर आहात, पोटात जुने स्वेटर घेऊन. पुढे तर आपण चड्डीच्या पट्ट्यावरही दिसू लागलात. ज्याला त्याला आपण कमरेला लाभल्यावर खऱ्या थोरामोठ्यांची पंचाईत होणारच, म्हणून त्यांनी मागे आणखी एक 'व्ही' जोडून घेतला. यात आम्हाला नवल नाही. एका 'श्री'ने भागेना तेव्हा आम्ही १०८ लावले होते.

मराठीत आपण 'अतिमहत्त्वाची व्यक्ती'. झुपकेदार मिशांचे मंत्री असले तरी बातमीत 'ती' येणार. बहुधा म्हणूनच हा शब्द छापण्यापलीकडे कुणी वापरत नाही.

२०१७ साली मात्र आपली धडगत नाही असं वाटलं होतं. १ मेपासून गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. आदल्याच दिवशी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये आपल्या जागी 'ईपीआय' आणा म्हणून सांगितलं. म्हणजे प्रत्येक माणूस महत्त्वाचा. तेव्हापासून मी ईपीआयची पाटी शोधतोय. देवळात नाही, विमानतळावर नाही, लग्नाच्या सोफ्यावर तर नाहीच. सगळेच महत्त्वाचे ठरले तर पुढे घुसायचं कुणाच्या?

एका ठिकाणी मात्र आपल्याला हात जोडतो. आषाढीला पहाटे पंढरपुरात मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात, तेव्हा दर्शनबारीत पुढे असलेल्या वारकरी जोडप्याला सोबत घेतात. चिठ्ठी नाही, वशिला नाही, पावती नाही. पूजेचा मान, सत्कार, वर एसटीचा वर्षभराचा मोफत पास. टीव्हीवर ते पाहताना डोळे भरून येतात, नाही असं नाही. पण दरवर्षी माझी नजर त्यांच्या मागे कुणी दिसतंय का ते शोधते. त्यानेही रात्र उभ्यानेच काढलेली असते, त्याच्याही पायाला तेवढेच फोड. फक्त एक पाऊल मागे. त्याला आपल्या भाषेत काय म्हणतात, तेवढं कळवावं.

लोभ आहेच, तो जरा कमी करावा.

आपला,
रांगेतला दुसरा